मोटारसायकलीचे हँडल : रोग, निदान आणि दुरुस्ती

वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास, वाङ्मय आणि अर्थकारण यांना मानाची जागा असते आणि ती असावीच. परंतु ही व्याख्याने ऐकायला येणारी पुष्कळ मंडळी आपली मोटारसायकल मंडपाबाहेर उभी करून येतात. त्या यंत्राच्या ज्या भागावर आपला जीव रोज अवलंबून असतो, त्याचा मात्र आपण क्वचितच विचार करतो. तो भाग म्हणजे हँडल. इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते आणि माणूस घरी उशिरा पोचतो. हँडल बिघडले तरी गाडी चालतच राहते, आणि खरा धोका तिथेच आहे.

आमची संघटना दुचाकीवर पोट असणाऱ्यांची आहे. दूध, वर्तमानपत्रे, पार्सले, घरपोच जेवण पोचवणारी ही माणसे दिवसभर हँडल धरून असतात. त्यांच्यासाठी गॅरेजवाल्या कारागिरांकडून आणि पुस्तकांतून आम्ही जे जमवले, ते येथे मांडतो. ज्यांची गाडी केवळ घर ते कचेरी एवढीच धावते, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

प्रथम हँडलाची रचना पाहू. आपण ज्याला हँडल म्हणतो तो केवळ वरचा दांडा. खरे काम त्याच्या खाली चालते. गाडीच्या सांगाड्याच्या पुढच्या टोकाला एक तिरपी नळी असते. तिच्यातून एक खुंट आरपार जातो. या खुंटाच्या वर आणि खाली एकेक आडवा तुकडा असतो; गॅरेजात त्याला ‘टी’ म्हणतात. या दोन टींमध्ये पुढच्या शॉकअपचे दोन पाय आवळलेले असतात आणि त्या पायांत चाक बसते. नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी पोलादी वाट्या ठोकलेल्या असतात व त्यांत गोळ्या फिरतात. या वाट्या-गोळ्यांच्या संचाला बाजारात ‘कोनसेट’ किंवा ‘बॉल रेसर’ म्हणतात. काही गाड्यांत गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असतात.

ही नळी तिरपी का? तिची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर चाक जमिनीला जिथे टेकते त्याच्या थोडी पुढे ती पडते. हे अंतर बहुतेक गाड्यांत सुमारे ८ ते १२ सेंटिमीटर असते. त्यामुळे चाकाची टेकण्याची जागा वळण्याच्या रेषेमागून ओढली जाते, आणि चाक आपोआप सरळ होऊ पाहते. रुग्णालयातील ढकलगाडीची लहान चाके ढकलताच वळून मागे जातात, त्यातलाच हा प्रकार. परंतु गाडीचा तोल केवळ एवढ्यावर राहतो असे मात्र नाही. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधकांनी दाखवून दिले, की हे अंतर आणि फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम हे दोन्ही काढून टाकले, तरी वजनाची वाटणी योग्य असलेली सायकल स्वतःला सावरू शकते. तात्पर्य, तोल ही अनेक कारणांनी मिळून साधलेली गोष्ट आहे. आणि तोल अनेकांनी मिळून राखला जातो, तर तो बिघडवणाराही हँडलाबाहेरचा असू शकतो.

नेमके हेच ध्यानात न घेतल्यामुळे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होतो. हँडल थरथरले, की गिऱ्हाईक म्हणते, “वरचा नट जरा आवळ.” कारागीर आवळतो, थरथर चार दिवस दबते, आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून निदानाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा.

पहिली तपासणी हवेची. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर हँडल जड लागते आणि वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते. दाब कंपनीने सांगितलेलाच ठेवावा आणि टायर थंड असताना मोजावा. त्याच वेळी टायर एका बाजूने झिजले आहे का, रिमवर ते वेडेवाकडे बसले आहे का, हे चाक फिरवून पाहावे.

दुसरी तपासणी ओझ्याची. एका बाजूला दुधाचा कॅन आणि दुसरी बाजू रिकामी असेल, तर गाडी एकीकडे ओढणारच. मागच्या टोकाला उंच आणि जड पेटी बांधली, की पुढच्या चाकावरचा भार हलका होतो आणि गाडी वेगात डोलू लागते. हा दोष कोणत्याही पान्याने जात नाही. ओझे खाली, पुढे आणि दोन्ही अंगांना सारखे घ्यावे लागते.

तिसरी तपासणी चाकांच्या रेषेची. चेन ताणताना मागच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या नाहीत, तर मागचे चाक तिरके बसते आणि दोष मात्र हँडलाच्या माथी येतो. यासाठी गवंड्याच्या पद्धतीने सुतळी वापरावी. मागच्या टायरला मागून सुतळीचा वेढा देऊन दोन्ही टोके दोन्ही अंगांनी पुढे ओढावीत. ती मागच्या टायरला पुढे आणि मागे दोन्ही ठिकाणी टेकली पाहिजेत. पुढचे टायर बहुधा अरुंद असते, म्हणून तिथे फट राहते. पुढचे चाक सरळ धरले असता ही फट दोन्हीकडे सारखी असेल, तर चाके एका रेषेत आहेत. चाके रेषेत आहेत, ओझे समतोल आहे, तरीही गाडी एकीकडे ओढते, असे झाल्यास शॉकअपचा पाय किंवा सांगाडा वाकल्याचा संशय घ्यावा. पडलेल्या गाडीत तो हमखास घ्यावा.

चौथी तपासणी बेअरिंगची. गाडी डबल स्टँडवर घ्यावी. चाक आडवे हलवून पाहावे. खडखड जाणवली तर चाकाचे बेअरिंग गेले. मागचे चाक धरून चिमटा आडवा हलतो का पाहावे. हलला तर चिमट्याचे बुश झिजले.

एवढे झाल्यावर कोनसेटकडे वळावे. इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करावे. शॉकअपचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे ढकलावेत आणि सोबत्याने खालची टी व सांगाडा यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. तिथे टकटक जाणवली तर कोनसेट सैल आहे. सांधा स्थिर राहून केवळ पाय हलत असतील, तर झीज शॉकअपच्या आतली आहे. ब्रेक मारताच किंवा खड्ड्यात जाताच येणारा ‘टक’ हा आवाज या दोहोंपैकी एकाचा असतो.

मग हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. ते मधोमध, बरोबर सरळ जागी, खटका बसल्यासारखे अडकत असेल, तर वाट्यांत खळगे पडले आहेत. गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळच धावते. त्यामुळे गोळ्या त्याच त्या जागी बसून प्रत्येक खड्ड्याचा मार तिथेच देतात, आणि बारीक थरथरीने तिथले ग्रीसही बाजूला सरते. अशी गाडी मंद वेगात सरळ रेषेत चालवता येत नाही. ती सतत नागमोडी जाते. नट आवळून हा दोष वाढतो, कमी होत नाही.

दुरुस्तीला घाई चालत नाही. वरची टी काढून दातेरी नट सी-पान्याने सोडवताना खाली स्वच्छ फडके अंथरावे, कारण गोळ्या सुट्या असतील तर त्या सांडतात. गोळ्या मोजून ठेवाव्यात. सर्व भाग रॉकेलने धुऊन वाटीत नख फिरवावे. नख अडले तर वाटी बाद. वाट्या आणि गोळ्या नेहमी पूर्ण संचानेच बदलाव्यात. जुन्या वाटीत नव्या गोळ्या घालणे म्हणजे पैसे वाचवल्याचा भास. नवी वाटी चारी बाजूंनी सारखी, तिरपी न होऊ देता ठोकावी आणि ग्रीस भरपूर भरावे. नट प्रथम आवळून भाग बसू द्यावेत, मग सैल करून पुन्हा हलक्या हाताने आणावा. खूण अशी : पायांत खडखड नसावी, आणि अधांतरी चाक मधून किंचित ढकलताच हँडल आपल्याच भाराने दोन्हीकडे पडावे. वरचा चेकनट आवळल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण त्या आवळण्याने ताण बदलतो. नवे भाग बसत जातात. म्हणून काही शे किलोमीटरनंतर एकदा तपासावे. गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा या सांध्यावर मारू नये. ग्रीस निघते आणि गंज शिरतो.

रस्त्यात हँडल थरथरू लागले तर काय करावे? पुढच्या चाकाची ही थरथर सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा होते. तेवढ्या चपळाईने हात तिला उलट हिसके देऊ शकत नाहीत. हँडल स्थिर धरावे, पण झुंजू नये. गुडघ्यांनी टाकी दाबावी, वेग हळूहळू कमी करावा, आणि पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. गाडी थांबवून कारण शोधल्याशिवाय पुन्हा त्या वेगाला जाऊ नये.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला ती गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १९० प्रमाणे धोकादायक दोष असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणारा जसा जबाबदार धरला जातो, तसाच ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही. मात्र दोष त्याला ठाऊक असला पाहिजे, किंवा साधी काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता असा तरी तो असला पाहिजे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार ही नावे कायद्यात आणली. त्या नावाबरोबर दुरुस्तीचा खर्च मात्र आला नाही. गाडी कामगाराची, पेट्रोल कामगाराचे, कोनसेटही कामगाराचा. आणि गाडी गॅरेजात उभी राहिली तर बुडालेला रोजही त्याचाच. असा माणूस हँडलाची टकटक ऐकूनही उद्यावर ढकलतो. त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याची प्रत्येक फेरी मोजली जाते, त्याने न मोजलेला वेळ कोठून आणावा?

पुढचे चाक उचलून वरच्या सर्व परीक्षा घ्यायला अर्धा तास पुरतो. महिन्यातून एकदा हा अर्धा तास कामाच्या वेळेत धरावा आणि त्याचा मोबदला द्यावा, ही आमची मागणी आहे. ज्यांना स्वतःची गाडी स्वतःच्या सोयीने उभी करता येते, त्यांनी ही परीक्षा येत्या रविवारीच घ्यावी. आणि दारात पार्सल घेऊन आलेल्या माणसाला दोन मिनिटे उशीर झाला, तर त्याला ती दोन मिनिटे द्यावीत.