चाकाचे नट : आवळण्यालाही माप असते

विवाहसोहळे, बाजारपेठेच्या फेऱ्या, सुट्टीतील प्रवास अशा निमित्तांनी घरची मोटार वर्षभर रस्त्यावर असते. इंधन, हवा, विमा यांकडे आपण लक्ष देतो. परंतु चाक गाडीला जखडून ठेवणाऱ्या चार-पाच नटांची आठवण बहुधा पंक्चर झाल्यावरच होते आणि तीही ‘करकचून आवळा’ एवढ्या सूचनेवर संपते. वस्तुतः तराजूप्रमाणे येथेही माप महत्त्वाचे. कमी चालत नाही, तसे जास्तही चालत नाही.

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबातून निर्माण होणारे घर्षण चाकाला जागचे हलू देत नाही. नट सैल असल्यास चाक हबवर हलू लागते, बोल्ट वारंवार वाकतात आणि अखेर तुटतात. उलट, प्रमाणाबाहेर आवळल्यास बोल्ट कायमचा लांबतो, आटे जातात, ब्रेकची तबकडी वाकडी होऊ शकते. शिवाय रात्री महामार्गावर चाक बदलण्याची वेळ आली, तर गाडीतील लहानशा पान्याने तो नट सुटतच नाही.

मग योग्य माप कोणते? बहुतेक लहान व मध्यम मोटारींसाठी ते साधारण ८५ ते १२५ न्यूटन-मीटर असते; आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे २५ किलो वजनाइतका जोर. त्याच पान्यावर ६० किलो वजनाचा माणूस उभा राहिला, तर हा जोर दुपटीहून अधिक होतो. हवेच्या गनने नट घट्ट करून सोडून देण्यातही हाच धोका असतो. म्हणून शेवटची आवळणी टॉर्क रेंचनेच करण्याचा आग्रह धरावा. ठरलेला जोर पूर्ण होताच तो ‘टक्’ असा आवाज करतो.

चाक बसवताना क्रमही पाळावा. हब व चाक जेथे टेकतात, तेथील गंज व माती पुसावी. आट्यांना तेल लावू नये. घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो. सर्व नट प्रथम हाताने फिरवावेत. मग शेजारचा नट न घेता समोरचा घ्यावा. पाच नट असल्यास चांदणी काढल्यासारखा क्रम ठेवावा. त्यामुळे चाक सरळ बसते. अंतिम आवळणी जॅक उतरवून, चाक जमिनीवर टेकल्यावर करावी. अलॉय चाकांना त्यांच्यासाठीचेच नट वापरावेत, कारण नटाची बैठक चाकागणिक वेगळी असू शकते.

चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासणे आवश्यक असते, कारण नवी बैठक थोडी दबते. मालवाहू गाड्यांच्या बाबतीत तर चालकाला ही सवयच लावावी. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले, चाकातून ठकठक ऐकू आली किंवा स्टिअरिंग अचानक थरथरू लागले, तर गाडी तत्काळ सुरक्षित जागी थांबवावी.

दूरच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी या तपासणीस दहा मिनिटे पुरतात. गाडीत आपलीच माणसे बसणार असतात, तेव्हा ही दहा मिनिटे काढायलाच हवीत.