पेन्शन एका पिढीचे, अर्ज पुढच्या पिढ्यांचा

महाडपासून पोलादपूरपर्यंत सावित्रीच्या खोऱ्यात सपाट जमीन थोडी आणि डोंगर फार. घरटी माणूस मुंबईला किंवा पलटणीत, ही इथली जुनी रीत. महाड तालुक्यातल्या एका गावाचे तर नावच फौजी आंबवडे. पण याच खोऱ्यातल्या एका समाजावर पलटणीचे दार एके काळी बंद झाले. ते उघडावे म्हणून जे अर्ज झाले, त्यांतल्या पहिल्या महत्त्वाच्या अर्जामागचा माणूस महाडजवळच्या रावढळचा होता.

गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. दापोली ही तेव्हा पेन्शनरांची वस्ती. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ते ‘दीनबंधु’त लिहीत. ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था त्यांनी उभी केली.

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई कंपनी सरकारच्या काळापासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील मृतांची जी नावे तिथल्या स्तंभावर कोरली आहेत, त्यांतल्या अनेकांच्या शेवटी ‘नाक’ आहे. पुढे अमुक जाती लढाऊ आणि अमुक नाहीत, हे मत लष्करी अधिकाऱ्यांत बळावले. जातवार कंपन्या बांधण्याचे धोरण आले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. लढाईत हार झाली नव्हती की शिस्त मोडली नव्हती. जन्म बघून नाव कापले गेले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. निवृत्त शिपायांचे पेन्शन चालूच होते. त्यांचे स्वतःचे काही गेले नव्हते. गेले होते ते मुलांचे. गावात ज्याला शाळेच्या पायरीवर उभे करत नसत, त्याच्या मुलांना छावणीत सक्तीचे शिक्षण मिळे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले ते याच वाटेने. पेन्शन माणसाबरोबर संपते, पण छावणीतली शाळा पुढच्या पिढीला हात देते. भरती बंद होणे म्हणजे ही साखळी तुटणे.

म्हणून १८९४ साली वलंगकरांनी सरकारकडे करायचा अर्ज सिद्ध केला. आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत आणि आमची चाकरी पाहा, असा त्यातला दुहेरी युक्तिवाद. यातला पेच आज जाणवतो. अस्पृश्यतेवर घणाघात करणाऱ्या माणसाला सरकारदरबारी कुळाचा दाखला द्यावा लागत होता, कारण समोरचे सरकार कूळच विचारत होते. १८९५ साली त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांनी विरोध केला. सरकारने खुर्ची दिली तरी शेजारचा बसू देईलच असे नाही, हे तिथे दिसले. १९०० साली वलंगकर गेले. भरती बंदच होती.

पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम उचलले. १९०३ साली सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा झाली. मुंबई सरकारकडे धाडलेल्या अर्जावर १,५८८ सह्या होत्या. १९१० साली थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. दार उघडले ते १९१७ मध्ये, महायुद्धाला माणसे कमी पडू लागल्यावर. १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरल्यावर काही वर्षांतच मोडली गेली. अर्जातला न्याय सरकारला पटला नव्हता. सरकारला फक्त गरज पडली होती.

हा अनुभव गाठीशी घेऊन १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यामागे राबणाऱ्यांत लष्करी पेन्शनर होते. अध्यक्षीय भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दापोलीच्या त्या वस्तीची आठवण काढली. ज्यांच्या साहाय्याने राज्य मिळवले त्यांनाच फौजेत मज्जाव करणे हा विश्वासघात आहे, असे त्यांनी बजावले. दुसऱ्या दिवशी मंडळी चवदार तळ्याकडे निघाली. तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केला होता. तो अमलात मात्र आला नव्हता. त्यासाठी नवा अर्ज न लिहिता लोक चालत गेले आणि पाणी प्याले.

म्हणून अर्ज वाया गेले असे म्हणावे का? मला तसे वाटत नाही. आपण मागतो ते दान नसून केलेल्या चाकरीतून आलेला हक्क आहे, ही भाषा त्या अर्जांनी घडवली. गावोगाव सह्या गोळा करताना माणसे एकत्र आली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. पण या वेळी दार पुन्हा लागले नाही. गरज पहिल्या युद्धातही होती. फरक इतकाच की आता मागे संघटित समाज उभा होता, आणि त्या समाजाची पहिली सही रावढळच्या एका पेन्शनराची होती.