गोरखगडावर ना तट, ना तोफा. मग हा किल्ला कसा? जाण्याआधी समजून घ्या

रील्समध्ये गोरखगड पंधरा सेकंदांत सर होतो. कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, खाली दरी, मागे ढोलताशा आणि शेवटी भगवा. प्रत्यक्षात मुरबाड तालुक्यातल्या देहरी गावातून चढायला लागलात, तर गुहेपर्यंतच दोन तासांच्या आसपास लागतात. वर पोहोचल्यावर पहिल्यांदा आलेल्या अनेकांची थोडी निराशा होते. बुरूज नाही, तटबंदी नाही, राजवाडा नाही, फोटोसाठी तोफही नाही. ‘एवढं चढून बघायचं काय?’ हा प्रश्न मग हमखास येतो.

प्रश्न रास्त आहे, फक्त नजर चुकीच्या ठिकाणी लागलेली असते. रायगड, सिंधुदुर्ग पाहून आलेला माणूस किल्ला म्हटलं की बांधकाम शोधतो. गोरखगड हा बांधलेला किल्ला नाही, तो खोदलेला आहे.

बांधलेलं आणि खोदलेलं, फरक काय?

बांधलेला किल्ला म्हणजे दगडावर दगड. त्यात चुना लागतो, लाकूड लागतं, छप्पर लागतं आणि दर पावसाळ्याआधी डागडुजी लागते. माणसं गेली की पाचपन्नास वर्षांत झाडांची मुळं भिंती उकलायला लागतात. त्यात १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी किल्ल्यांची पाहणी केली, अनेक ठिकाणच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. उत्तर कोकणातल्या किल्ल्यांची पाहणी त्याच वर्षी कॅप्टन डिकिन्सन या अधिकाऱ्याने केली होती. आज सह्याद्रीत आपण जे ‘अवशेष’ म्हणून बघतो, ते बरंचसं या दोन गोष्टींमधून वाचलेलं आहे.

खोदलेल्या गोष्टीचं तसं नसतं. पाथरवटाने छिन्नी आणि सुतकी घेऊन डोंगरातून दगड काढून टाकला आणि जी पोकळी उरली, तीच पायरी, तेच टाकं, तीच गुहा. त्यात सांधा नाही, त्यामुळे निखळायलाही काही नाही. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर इथे भार पेलणारी वस्तू आणि पाया एकच आहे, तो म्हणजे अखंड कातळ. हा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. त्याला काही शतकांचा पाऊस म्हणजे फारसं काही नाही.

त्यामुळे गोरखगडावर जे दिसतं, ते पडक्या वाड्यासारखं नुसतं बघायचं नसतं. ते आजही वापरात आहे. पायऱ्यांवरूनच तुम्ही चढता, गुहेतच बसून डबा खाता, टाक्यातलं पाणी लोक आजही पितात. गडाचं महत्त्व यात आहे आणि धोकाही यातच आहे.

पहारा कशाचा होता?

गोरखगड उंचीने सुमारे साडेसहाशे मीटर. माथा एवढासा की पाचपन्नास माणसं एकदम उभी राहिली तर गर्दी वाटावी. इतक्या लहान जागेत फौज राहू शकत नाही आणि मोठ्या लढाईची गोष्टही या गडाच्या नावावर सांगितली जात नाही. हा टेहळणीचा गड. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून समोर मच्छिंद्रगडाचा सुळका, एका बाजूला सिद्धगड आणि अहुप्याच्या बाजूचे कडे, दुसरीकडे नाणेघाट आणि जीवधनचा परिसर दिसतो.

यातला नाणेघाट महत्त्वाचा. कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडच्या सपाटीवरून नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकली जायची असं सांगतात. म्हणजे तेव्हाचा टोलनाका वर आणि त्या वाटेवर लक्ष ठेवणारे डोळे आजूबाजूच्या सुळक्यांवर. आजचा कल्याण–अहिल्यानगर महामार्गही याच पट्ट्यातून जातो, फक्त तो वर चढतो माळशेजने.

गडाचं नाव नाथपंथातून आलं. गोरक्षनाथांनी इथे साधना केली अशी श्रद्धा आहे, शेजारचा सुळका त्यांचे गुरू मच्छिंद्रनाथांचा. गंमत अशी की शिष्याच्या डोंगरावर रविवारी रांग लागते आणि गुरूंचा सुळका दोराशिवाय चढता येत नसल्याने फक्त गिर्यारोहकांच्या वाट्याला येतो.

टाक्यातलं गणित

गडावर सगळ्यात आधी काय बघावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ‘टाकी’. दरवाजा आणि गुहा नंतर.

किल्ल्यावर किती माणसं राहू शकतात हे तटाच्या उंचीवर ठरत नाही, पाण्यावर ठरतं. समजण्यासाठी एक काल्पनिक टाकं घ्या: ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २ मीटर खोल. त्यात १८ हजार लिटर पाणी मावेल. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नुसत्या टाक्याच्या तोंडावर पडलेला पाऊस धरला तरी साडेबावीस हजार लिटर होतात. म्हणजे पाणी वर वाहून न्यायची गरजच नाही, एका पावसाळ्यात टाकं भरून वाहतं.

आता खर्च बघू. पिणं आणि रांधणं मिळून माणशी रोज ५ लिटर धरले, तर दहा पहारेकऱ्यांना रोज ५० लिटर लागतील. १८ हजार लिटर त्यांना ३६० दिवस पुरतील. तेच २५ माणसं ठेवली तर १४४ दिवस, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरलेलं टाकं फेब्रुवारी संपता संपता तळाला जाईल. पुढचा पाऊस जूनमध्ये. उन्हाने उडून जाणारं पाणी यात धरलेलंच नाही. म्हणून तर सह्याद्रीत अनेक टाकी कातळाच्या पोटात आत खोदलेली असतात, काहींना मध्ये खांब ठेवलेले असतात. वर दगडाचं छप्पर राहिलं की बाष्पीभवन कमी होतं आणि आत उजेड कमी गेल्याने शेवाळही कमी धरतं.

याच गणिताची दुसरी बाजू आजची आहे. एखाद्या रविवारी २०० जण वर आले आणि प्रत्येकाने फक्त एक लिटर पाणी घेतलं, तरी आपल्या काल्पनिक टाक्यातलं दहा पहारेकऱ्यांचं चार दिवसांचं पाणी गेलं. त्यात कुणी हात धुतले, कुणी मॅगीचा टोप विसळला, तर १८ हजार लिटर एकदम बाद. टाक्याला नळ नाही आणि तळाला गाळ उपसायची सोयही नाही. एकदा घाण झालेलं पाणी पुढच्या पावसापर्यंत तसंच राहतं. आपलं पाणी घरून न्यावं, माणशी किमान तीन लिटर. टाक्यातून घ्यायची वेळ आलीच तर स्वच्छ भांड्याने काढून, उकळून किंवा गाळून.

वाट कशी आहे?

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला उतरून एसटीने मुरबाड, तिथून म्हसामार्गे देहरी. पौष पौर्णिमेला म्हसाची यात्रा भरते, बैलबाजार असतो, त्या दिवसांत हा रस्ता गाड्या आणि गुरांनी भरलेला असतो. त्या आठवड्यात गडासाठी निघणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. अर्थात यात्राही बघण्यासारखी आहे, तो वेगळा विषय.

देहरीतून वाट जंगलातून खिंडीकडे चढते. तिथे महादेवाचं छोटं मंदिर आणि समाधी आहे. खऱ्या अर्थाने गड इथून सुरू होतो. कातळातल्या पायऱ्या चढून दरवाजा लागतो, तिथला शिलालेख बघायला थांबा. पुढे गुहा. वीसपंचवीस माणसं आरामात झोपतील एवढी, समोर दरी आणि कड्यावर दोन चाफ्याची झाडं. गडावरची सगळ्यात सुंदर जागा हीच. पण गुहेत चूल पेटवू नका. धुराने छत काळं पडतं हे एक, आणि कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात, धुराने आणि उग्र अत्तराने माश्या उठतात हे दुसरं. पायऱ्यांवर असताना माश्यांनी घेरलं तर पळायला जागा नसते.

गुहेपासून माथ्यापर्यंत साधारण पन्नास पायऱ्या. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. चढणारा माणूस समोर बघतो म्हणून त्याला भीती कमी वाटते. अडकायला होतं ते उतरताना. उपाय जुना आणि साधा आहे: तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे, शिडी उतरतो तसं. हाताला पकड मिळावी म्हणून पायऱ्यांच्या बाजूला जागोजागी खोबण्या खोदलेल्या आहेत, त्या शोधा. एका वेळी एका दिशेनेच माणसं सोडा. वरच्याने फोन काढून उभं राहायचं आणि खालच्याने ताटकळायचं, हे या पायऱ्यांवर धोक्याचं आहे. उंचीची भीती वाटत असेल तर गुहेत बसा. माथ्यावर महादेवाचं लहान मंदिर आणि नंदी आहे, दृश्य अप्रतिम आहे, पण गुहेतून दिसणारा मच्छिंद्रगडही काही कमी नाही.

पावसाळ्यात इथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेकडो पावलांनी गुळगुळीत झालेल्या पायरीवर शेवाळ धरलं की चांगल्या बुटाचाही उपयोग होत नाही. पावसाळी पर्यटनासाठी जिल्हा प्रशासन वेळोवेळी मनाई आदेशही काढतं, ते निघण्याआधी तपासा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपासून कातळ तापतो. अंधार पडायच्या आत खिंडीत परत यायचं, त्यामुळे देहरी सकाळी लवकर सोडलेलं बरं. वाटाड्या गावातच विचारावा. अडचण आली तर ११२ आहेच, पण मदत करणारी माणसंही याच पायऱ्या चढून येणार आहेत, हे लक्षात ठेवून थांबायची तयारी हवी.

बांधलेलंच बघायचं असेल तर?

मग शेजारच्या शहापूर तालुक्यातला माहुली गाठा. आसनगाव स्टेशनपासून जवळ, पळसगड, माहुली आणि भंडारगड अशी तिहेरी रचना, दरवाजा, देवड्या, तटाचे अवशेष. १६३६ मध्ये याच गडाला वेढा पडला आणि शहाजीराजांना शरण जावं लागलं, निजामशाहीचा शेवट इथे झाला.

आणि मुरबाडमध्येच दुसऱ्या दिवसाचा मुक्काम असेल तर सिद्धगड. त्याचा इतिहास मध्ययुगात थांबत नाही. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात इंग्रज पोलिसांच्या गोळीबारात आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणणाऱ्या या तरुणांनी लपायला हीच दाट झाडी निवडली होती. दरवर्षी २ जानेवारीला स्मारकापाशी लोक जमतात, आजूबाजूच्या गावांतून, कर्जत-नेरळकडूनही. गोरखगडाच्या माथ्यावरून सिद्धगड दिसतो तो याच बाजूने, मधली दरी अजूनही हिरवीगार आहे.