शून्यांनी भरलेली फाईल

प्रोजेक्टवर काम चालू असताना लाइट जाते, थोड्या वेळाने येते, आणि सकाळपर्यंत बिनतक्रार चालणारी प्रोजेक्ट फाईल आता उघडताना 'वाचता येत नाही' असा संदेश येऊ लागतो. चमत्कारिक बाब अशी की फाईल जागेवर असते. नाव तेच, आकारही जवळपास तेवढाच. हेक्स एडिटरमध्ये उघडली की मात्र पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत नुसती शून्ये दिसतात. ही शून्ये म्हणजे कीबोर्डवरचा शून्य हा आकडा नव्हे. इथे प्रत्येक बाइटचे आठही बिट शून्य असतात. अशा वेळी बहुतेकांची पहिली धाव 'फाईल रिपेअर' करून देणाऱ्या सॉफ्टवेअरकडे असते, आणि तिथेच वेळ वाया जायला सुरुवात होते. या फाईलमध्ये दुरुस्त करण्याजोगे काही नसतेच. मजकूर मोडला असता तर जोडता आला असता. इथे तो डिस्कवर पोहोचलाच नाही. म्हणून वीज गेल्यावर गमावलेला प्रोजेक्ट परत मिळवणे हे दुरुस्तीचे नव्हे, शोधाचे काम आहे. तोच मजकूर संगणकाने आणखी कुठे, कोणत्या रूपात, दुसऱ्याच कारणासाठी लिहून ठेवला आहे, हे शोधायचे असते.

'सेव्ह'चे बटण दाबल्यावर प्रोग्राम मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली करतो आणि ती 'झाले' म्हणते. प्रत्यक्षात मजकूर अजून रॅममध्येच असतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत असा न लिहिलेला मजकूर सुमारे ३० सेकंद मेमरीत राहू शकतो, मग सवडीने डिस्कवर उतरवला जातो. हा आळस नाही, हिशेब आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत होते. प्रत्येक छोट्या लेखनासाठी योग्य जागा फिरून येण्याची वाट पाहिली, तर सेकंदाला शे-सव्वाशे लेखनांपलीकडे मजल जात नाही. रॅमचे काम नॅनोसेकंदांत मोजले जाते. ही तफावत झाकण्यासाठीच ऑपरेटिंग सिस्टीम 'झाले' हा शब्द जरा लवकर उच्चारते. एरवी ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता कुणी म्हणेल, आजच्या फाईल सिस्टीम जर्नल ठेवतात, मग असे व्हावेच कसे? जर्नल म्हणजे जुन्या पेढीवरची कीर्द समजा. व्यवहार आधी कीर्दीत टिपायचा, मग सवडीने खतावणीत चढवायचा. मध्येच काही घडले तर कीर्द पाहून खतावणी जुळवून घ्यायची. १९९३मध्ये आलेल्या विंडोज एनटीची एनटीएफएस असो वा लिनक्सची ईएक्सटी४, दोन्ही याच तत्त्वावर चालतात. मात्र या कीर्दीत सहसा फाईलचे नाव, आकार आणि तिला दिलेल्या जागा एवढ्याच नोंदी असतात, आतला मजकूर नसतो. जर्नल फाईल सिस्टीमची घडी वाचवते, तुमचा मजकूर नव्हे. वीज नेमकी अशा क्षणी जाते, की नवा आकार नोंदवून झालेला असतो आणि मजकूर रॅममध्येच असतो. वीज आल्यावर एनटीएफएस पाहते, की इथे इतके बाइट असायला हवेत, पण ते लिहिल्याची नोंद नाही. त्या जागी डिस्कवर पूर्वी दुसऱ्या कुणाची खासगी फाईल असू शकते. ती तुमच्या हाती पडू नये म्हणून एनटीएफएस तिथे शून्ये दाखवते. म्हणजे ती शून्ये बिघाडाची खूण नाहीत, ती सुरक्षेसाठी मुद्दाम ओढलेला पडदा आहेत. ईएक्सटी४वर २००९मध्ये याच्याच चुलतभावाने वाद पेटवला होता: यंत्र अचानक बंद पडल्यावर सेटिंगच्या फाईल शून्य लांबीच्या निघू लागल्या. ईएक्सटी४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांनी तेव्हा बाजू मांडली, की मजकूर डिस्कवर पोहोचलाच पाहिजे असे सांगणारी 'एफसिंक' ही आज्ञा प्रोग्रामने दिलीच नसेल, तर दोष फाईल सिस्टीमचा नाही. तर्काने ते बरोबर होते. तरीही नंतर फाईल सिस्टीमनेच दोन पावले मागे घेतली आणि एफसिंक न मागताही फाईल बदलण्याच्या प्रचलित पद्धती ओळखून मजकूर आधी उतरवण्याची सोय केली.

पुसलेले फोटो परत आणणारी सॉफ्टवेअर असतात, मग कोड का येऊ नये, हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो आणि तो बिनबुडाचा नाही. फोटो पुसला जातो तेव्हा बहुधा फक्त नोंद जाते. बिट जागेवर पडून असतात. आपल्या प्रसंगात नवा मजकूर डिस्कला कधी शिवलेलाच नाही, तेव्हा तो खणून काढायचा तरी कुठून? जुनी आवृत्ती मात्र सापडू शकते. एडिटरने जुनी फाईल रिकामी करून नवी लिहायला घेतली असेल, तर जुन्या मजकुराच्या जागा 'मोकळ्या' ठरतात आणि हार्ड डिस्कवर त्या काही काळ तशाच राहतात. एसएसडीवर ही आशा क्षीण होते, कारण 'ट्रिम' नावाच्या आज्ञेने मोकळ्या जागा खरोखर साफ करायला डिस्कला सांगितले जाते. म्हणून त्या डिस्कवर नवे काही लिहू नये, शोधाची सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर उतरवू नयेत.

खरा आधार पुनरुक्तीचा. १९४८मध्ये क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिले, की संदेशातला हरवलेला भाग परत मिळतो तो केवळ संदेशात जास्तीची, पुन्हा सांगितलेली माहिती असते म्हणून. प्रोग्रामरच्या सुदैवाने कोड लिहिण्याचा सगळा कारखाना पुनरुक्तीने भरलेला आहे. व्हिम हा एडिटर २०० अक्षरे टंकल्यावर किंवा हात ४ सेकंद थांबल्यावर कामाची प्रत स्वॅप फाईलमध्ये उतरवतो. व्हीएस कोडमध्ये २०२२पासून प्रत्येक सेव्हची स्थानिक नोंद राहते. डॉटनेटमधली प्रोजेक्ट फाईल गेली तर रडण्याचे कारण आणखी कमी. तिच्या नव्या पद्धतीत फोल्डरमधल्या कोडफाईल आपोआप धरल्या जातात, त्यामुळे मूळ फाईल दहा-पंधरा ओळींची असते. कोणती पॅकेजेस वापरली होती हे शेजारच्या 'ऑब्ज' फोल्डरमधल्या एका जेसन फाईलमध्ये लिहिलेले सापडते. कोडच गेला असेल तर कंपाइल केलेल्या फाईलमधून उलट प्रवास करता येतो. तर्क परत येतो, टिपा येत नाहीत; पायथॉनच्या बाइटकोडमध्ये नावेही बरीचशी टिकतात. शाळेतल्या मुलांचा स्क्रॅच प्रोजेक्ट म्हणजे मुळात झिप फाईल. तिची अनुक्रमणिका शेवटी असते, म्हणून शेपूट तुटली की सगळी फाईल वाचेनाशी होते. पण आतल्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला 'पी' आणि 'के' या अक्षरांची खूण असते. तिच्या आधाराने शाबूत भाग वेगळे काढता येतात. इथे 'रिपेअर' हा शब्द खरोखर लागू पडतो, हे मान्य करायला हवे.

गिट वापरणाऱ्यांना हे सगळे पाल्हाळ वाटेल. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५मध्ये लिहिलेली ही आवृत्त्या राखणारी प्रणाली प्रत्येक मजकुराला त्याच्याच हॅशचे, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशाचे, नाव देते, त्यामुळे एक बिट बदलला तरी नाव जुळत नाही आणि नासलेली प्रत चांगली म्हणून खपत नाही. कमिट न करता नुसते 'गिट अ‍ॅड' केलेली फाईलही भांडारात गेलेली असते. 'गिट एफएससीके' चालवले की अशा अनाथ प्रती हाती लागतात. पण गिटही याच डिस्कवर लिहिते. नवी ऑब्जेक्ट एफसिंक करण्याची तिची सोय बराच काळ मुळात बंद ठेवलेली होती, आणि वीज गेल्यावर ऑब्जेक्टची फाईल रिकामी निघण्याची तक्रार जुनी आहे. २०१४मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी गिट, एसक्यूलाइट, पोस्टग्रेससह ११ प्रोग्राम तपासले, तेव्हा अचानक बंद पडण्यापुढे टिकणार नाहीत अशा ६० जागा सापडल्या. हे प्रोग्राम हौशी मंडळींनी लिहिलेले नव्हते. तेव्हा गिट वापरावेच, पण एक प्रत दुसऱ्या यंत्रावर ढकललेली असेल तरच निर्धास्त राहावे. गूगल ड्राइव्हसारख्या सेवांवर भिस्त असेल तर जुन्या आवृत्त्या राखणारी सोय पाहावी, नाहीतर शून्यांची फाईलही तितक्याच इमानाने वर चढते.

यूपीएसने प्रश्न मिटतो, असेही म्हणतात. बराचसा मिटतो. पण यूपीएस फक्त नीट बंद करायला मिनिटे देतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला तेव्हा काही भागांत तो तासन्‌तास आला नव्हता, आणि संगणकासमोर कुणी नसेल तर त्या मिनिटांचा उपयोगही नाही. ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी २०१३मध्ये १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली, तर १३ डिस्क काही ना काही विपरीत वागल्या. म्हणजे एफसिंक मागूनही खालची डिस्क शब्द पाळेलच असे नाही; वीज गेल्यावर काम पुरे करण्यापुरता कपॅसिटर असलेल्या डिस्क त्यासाठीच महाग मिळतात.

एडिटर लिहिणाऱ्यांकडे मात्र एक उपाय फार पूर्वीपासून आहे: मजकूर तात्पुरत्या फाईलमध्ये लिहायचा, एफसिंक करायचे, मगच नाव बदलून ती जुनीच्या जागी बसवायची. वीज केव्हाही गेली तरी जुनी किंवा नवी, दोहोंपैकी एक फाईल अखंड मिळावी अशी ही रचना आहे. याविरुद्ध दोन कारणे दिली जातात. नाव बदलताना फाईलच्या परवानग्या आणि दुवे बिघडू शकतात, हे पहिले. ते काळजीपूर्वक लिहून टाळता येते. एफसिंक वेळ खाते, हे दुसरे, आणि त्यामागे २००८चा फायरफॉक्स ३ आहे. लिनक्सच्या ईएक्सटी३वर तो एफसिंक मागे तेव्हा डिस्कवर साचलेले इतरांचे लेखनही रेटले जाई आणि सगळे यंत्र अडखळे. पण ब्राउझर सतत काहीतरी नोंदवत असतो, आणि प्रोग्रामर सेव्ह दाबतो तो मिनिटातून एक-दोनदा, तेही काही किलोबाइटच्या फाईलवर. तेवढ्यासाठी काही मिलिसेकंद थांबायला कुणाही प्रोग्रामरची हरकत नसती; बहुतेक एडिटरांनी ते त्यांना विचारलेलेच नाही.