हवेवर थंड होणारी जुनी इंजिनं

नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन लांबलं, की बारामती-इंदापूरच्या उसाला विहिरीचा आधार. वीज येण्याआधी तिथं डिझेल इंजिनच चाले. काही शेडमध्ये किर्लोस्करचं टीएएफ-१ अजून आहे, काही गोठ्यांमागे एका सिलिंडरचा आयशर ट्रॅक्टर.

यांना रेडिएटर नसतो. पंखा हवा ढकलतो, पत्र्याचं आवरण ती सिलिंडरच्या फिन्समधून वळवतं. ते आवरण ‘उगाच अडचण’ म्हणून काढून टाकणं मला सर्वांत घातक वाटतं. वारा भरपूर दिसतो, पण फिन्सपर्यंत पोचतच नाही आणि पिस्टन जाम होतो. गळलेल्या तेलावर पाचटाची धूळ बसली, तरी तेच. म्हणून इंजिन खोलण्याआधी फिन्स रॉकेलनं धुवा, गळती शोधा.

सुट्या भागांसाठी नावापेक्षा माप महत्त्वाचं. टीएएफ-१चा बोअर ८७.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११०. पाण्यावर थंड होणाऱ्या टीव्ही-१चीही मापं हीच. तरीही टीव्ही-१चा सिलिंडर आणि हेड फिन्सच्या टीएएफ-१ला बसत नाहीत. नंबरप्लेटवरचं मॉडेल लिहून घ्या, जुना भाग सोबत न्या. राजकोटला अशा इंजिनांचे भाग आजही बनतात. दर्जा मात्र कमी-जास्त असतो, त्यामुळे पिस्टन आधी विकत घ्या, मायक्रोमीटरनं मोजा आणि त्याच्या मापानं बोअर करून घ्या. उलट क्रमानं केलेलं काम बहुधा दुसऱ्यांदा करावं लागतं.

काळा धूर दिसला की लगेच रिंगा बदलू नका. एअर क्लीनर आणि नोझल आधी तपासा.