डब्यावरचा 'अमाईन' शब्द वाचा, मग झाकण उघडा



सुरू उसाची उगवण पुरी झाली, पहिले दोन-तीन पाणी बसले, की आमच्या गट ऑफिसात एकच प्रश्न घेऊन सभासद येतात. "साहेब, खुरपणीला बायका मिळंनात. टू-फोर-डी मारू का?" मजुरीचे दर आणि मजुरांची टंचाई पाहता हा प्रश्न रास्त आहे. मीही आजवर शेकडो सभासदांना "मारा" म्हणून सांगितले. डबा किती, पाणी किती, नोझल कोणते, हे सांगितले. पण डबा कसा हाताळायचा हे मात्र फार थोड्यांना सांगितले. ही माझी चूक झाली. ती कशी, ते आधी सांगतो.

माझ्याच गटातील एका सभासदाने मागे माझ्या सांगण्यावरून २,४-डी अमाईन सॉल्टचा एक लिटरचा डबा आणला. बांधावर बसून झाकण काढले. आतला पत्रीचा पडदा निघेना, म्हणून विळ्याचे टोक घुसवले. चिळकांडी उडाली ती थेट उजव्या डोळ्यात. गडी कष्टाळू आणि सोशिक. खांद्यावरच्या टॉवेलने डोळा पुसला आणि उरलेले सहा पंप मारून मगच घरी गेला. रात्री डोळा सुजला. सकाळी तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले, तोवर उशीर झाला होता. डोळ्यात फूल पडले. आज त्या डोळ्याने त्यांना नुसता उजेड-अंधार कळतो. वाईट याचे वाटते की वीस पावलांवर विहिरीची मोटर चालू होती. पाटाला स्वच्छ पाणी वाहत होते. तिथे जाऊन पंधरा-वीस मिनिटे डोळा धुतला असता तर बहुधा एवढे झाले नसते.

नंतर मी त्यांच्या घरी गेलो. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, किती टाकायचं ते सांगितलंत. डोळ्यात गेलं तर काय, ते सांगायचं राहिलं." म्हणून हा लेख.

अमाईन म्हणजे काय?

आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतील केमिस्टसाहेबांना मी विचारले, की डब्यावर 'अमाईन सॉल्ट' लिहितात ते काय असते? त्यांनी सोपे करून सांगितले. युरियाच्या पोत्याजवळ किंवा गोठ्यात मुताचा जो उग्र वास नाकाला झोंबतो, तो अमोनियाचा. अमोनियाचेच भाऊबंद म्हणजे अमाईन. त्यातला डायमिथाईल अमाईन हा २,४-डीच्या डब्यासाठी वापरतात. त्याला नासक्या मासळीसारखा वास येतो. तो ७ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या साध्या हवेत तो वायूच असतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे. तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, आणि लांब कुठे शेगडी किंवा ठिणगी असेल तर तिथे जाऊन पेट घेतो. डोळ्याला, नाकाला आणि फुप्फुसाला तो जाळतो.

केमिस्टसाहेब म्हणाले, "कॉलेजच्या प्रयोगशाळेत याचे पाण्यातले ४० टक्क्यांचे द्रावण बाटलीत मिळायचे. ती बाटली उघडायची तर आधी सगळे बर्नर बंद. डोळ्यावर चष्मा, हातात मोजे, वारा खेचणाऱ्या कपाटात उभे राहून काम. बाटली नाकाशी धरणाऱ्याला सर बाहेर काढायचे."

मी मनात म्हटले, तिथे शिकलेली माणसे वाटीभर औषधाला एवढी जपतात, आणि आमच्या बांधावर लिटरचा डबा दाताने उघडतात!

आता घाबरून जायचे कारण नाही. हा वायू २,४-डीच्या आम्लाशी जोडला की त्याचे मीठ तयार होते. मीठ म्हणजे सॉल्ट. ते पाण्यात विरघळते, सहजी उडून जात नाही आणि सहजी पेटतही नाही. पण डोळ्याला त्याची इजा फार मोठी आहे. अमाईन सॉल्ट डोळ्यात गेल्यास कायमचे नुकसान होऊ शकते. वास कमी म्हणून धोका कमी, असे कृपा करून समजू नका.

नाव एक, डबे तीन

दुकानात '२,४-डी द्या' एवढेच म्हणू नका. या नावाखाली तीन प्रकार येतात.

पहिला, सोडियम सॉल्ट ८० टक्के. ही भुकटी असते.

दुसरा, अमाईन सॉल्ट ५८ टक्के. हा पाण्यात विरघळणारा द्रव.

तिसरा, इथाईल इस्टर ३८ टक्के. हा तेलकट द्रावकात असतो आणि पाण्यात टाकला की दुधाळ होतो.

पहिल्या दोघांचा आणि तिसऱ्याचा स्वभाव वेगळा आहे. इस्टरचे द्रावक रॉकेलसारखे पेट घेते. शिवाय उन्हात इस्टरची वाफ होऊन ती वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या रानात जाते. फवारणी संपवून तुम्ही घरी जेवायला बसता, तेव्हाही ती रानातून उठत असते. द्राक्ष, कापूस, टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, सूर्यफूल आणि सगळी कडधान्ये यांना ही वाफ सोसत नाही. पाने अरुंद होतात, पंख्यासारखी चुरगळतात, शेंडे पिळवटतात, फूल गळते. द्राक्षबागेच्या शेजारी इस्टर मारणे म्हणजे भाऊबंदकीला आमंत्रण. अमाईन सॉल्टची वाफ फार कमी होते, म्हणून आजूबाजूला रुंद पानांची पिके असतील तर इस्टर घेऊच नये. मात्र वारा सुटला असेल तर अमाईनचे तुषारसुद्धा उडून जातात, हे विसरू नका.

आणखी एक. २,४-डी हे रुंद पानांच्या तणांचे औषध. घोळ, तांदुळजा, हरणखुरी, गाजरगवत यावर ते चालते. हरळी त्याने मरत नाही. लव्हाळ्याचा वरचा पाला जळतो, पण जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात. ऊस हा गवताच्या कुळातला म्हणून वाचतो. पण उसात हरभरा, भुईमूग, सोयाबीन, कोबी असे आंतरपीक असेल, तर हा डबा शेतात आणायचाच नाही.

डबा कुठे ठेवता?

गटात फिरताना मी पाहतो. बहुतेक डबे मोटरीच्या खोलीत असतात. वर स्टार्टर, खाली डिझेलचा कॅन, शेजारी इस्टरचा डबा आणि कोपऱ्यात पाचटाचा ढीग. स्टार्टरमध्ये ठिणगी पडते हे आपण रोज पाहतो. या खोलीला आग लागली तर मोटर, केबल, पाईप सारे जाईलच, पण विझवायला धावणारा माणूस विषारी धुरात सापडेल. रिकामे डबे पाचटाबरोबर जाळणेही तसेच. त्या धुरातून आम्लाचा वायू निघतो.

औषधे कुलपात, उंचावर, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. चूल, गोठा, धान्याची कणगी यांपासून दूर ठेवा. बियाणे आणि खताच्या पोत्यांशेजारी इस्टर ठेवू नका, त्याची वाफ बियाण्यात मुरते. औषध दुसऱ्या बाटलीत ओतू नका. बाटली पाण्याची आणि आत औषध, यावर किती घरे उद्ध्वस्त झाली ते तुम्ही जाणताच.

पंपाची गोष्ट

दुसऱ्या एका सभासदाने उसात २,४-डी मारले, पंप विसळला आणि चार दिवसांनी त्याच पंपाने वांग्यावर कीटकनाशक फवारले. वांग्याचे अर्धा एकर रान पिळवटून गेले. दोष कीटकनाशकाचा नव्हता. पंपाच्या नळीत आणि वॉशरमध्ये राहिलेल्या थेंबांनी ते काम केले. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे घरातल्या कोणालाही कळेल. पंप धुतलेले पाणी विहिरीत, पाटात किंवा ओढ्यात सोडू नका. इस्टर माशांना विषारी आहे.

अमाईन सॉल्टला पाणी हलके लागते. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या जड पाण्यात त्याची साखळते, नोझल तुंबते आणि गुणही कमी येतो. आणि तुंबलेले नोझल तोंडाने फुंकायचे नाही. एक बारीक काडी किंवा जुना टूथब्रश पिशवीत ठेवावा.

आमच्या भगिनींना एक विनंती. फवारलेल्या उसातले तण म्हशीला म्हणून कापून नेऊ नका. मालकाने फवारणी केली की बांधावर लाल फडके लावावे, म्हणजे बायकांना समजेल.

बाधा झाली तर

डोळ्यात गेले, तर ताबडतोब स्वच्छ पाण्याने पापणी उघडी धरून पंधरा-वीस मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा. टॉवेलने चोळू नका. मग डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा.

अंगावर सांडले, तर कपडे काढा आणि साबणाने आंघोळ करा. ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

पोटात गेले, तर मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. तेलकट औषध उलटीवाटे फुप्फुसात उतरते. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना डबा किंवा त्याचे लेबल बरोबर न्या. २,४-डीवर खास असा उतारा नाही. डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात, म्हणून लवकर पोचणे हाच खरा उपाय.

२०१७ साली विदर्भात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथली औषधे वेगळी होती, पण उघडे अंग, उघडे तोंड आणि वाऱ्याकडे तोंड करून फवारणी हे आपल्याकडेही रोज दिसते. २,४-डीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगाचे संभाव्य कारण असलेल्या गटात घातले आहे. म्हणजे एकदा मारल्याने कर्करोग होतो असे नाही. पण वर्षानुवर्षे मजुरीने पंप मारणाऱ्या गड्याने अंग झाकावे, एवढे त्यातून घ्यावे.

थोडक्यात

१. दुकानातून पावती घ्या. २,४-डी नंतरचा शब्द वाचा: सोडियम, अमाईन की इस्टर.
२. मात्रा डब्यावरील माहितीपत्रकाप्रमाणेच घ्या. "थोडं जास्त टाक" म्हणू नका.
३. डबा उघडताना आणि औषध मोजताना चष्मा आणि रबरी मोजे घाला. चष्म्याची किंमत डोळ्यापेक्षा कमी आहे.
४. बांधावर दोन घागरी स्वच्छ पाणी आणि साबण ठेवूनच सुरुवात करा.
५. विडी, तंबाखू, भाकरी हात धुतल्याशिवाय नाही. डब्याजवळ काडी ओढायची नाही.
६. वारा शेजाऱ्याच्या पिकाकडे असेल तर त्या दिवशी पंप खाली ठेवा.
७. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता. मग डब्याला भोके पाडा. त्यात तेल, पाणी, दूध भरू नका.

यापुढे आमच्या गटातील कर्मचारी तणनाशकाची शिफारस करतील तेव्हा मात्रेबरोबर डोळ्याचीही गोष्ट सांगतील. नाही सांगितली, तर तुम्ही विचारा. तो तुमचा हक्क आहे. उसाचा उतारा वाढलाच पाहिजे, पण तो वजनकाट्यावर पाहायला दोन्ही डोळे शाबूत राहोत.

आपला,
ऊस विकास अधिकारी