पाळणा उंबरठ्याला लागतो तेव्हा

लिफ्टचा इतिहास बहुतेक जण १८५४ पासून सांगतात. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिसनं दोर कापायला लावला आणि पाळणा खाली कोसळलाच नाही. पण रोजच्या वापरात छळणारा प्रश्न निराळा होता: पाळणा नेमका मजल्याच्या पातळीला कसा लावायचा? १८८० मध्ये मानहाइमला सीमेन्सची विजेची लिफ्ट आली, १८९१ च्या वॉर्ड लिओनार्ड पद्धतीनं मोटरचा वेग हवा तसा बदलता येऊ लागला, तरी उंबरठा गाठणं लिफ्टमनच्या हँडलवरच राहिलं. पुढची वाटचाल पाहता माझं मत असं की, अचूक थांबणं दणकट ब्रेकमुळे साधलं नाही. ब्रेकचं काम कमी करत गेल्यामुळे साधलं.

एकाच वेगाची मोटर घ्या. पाळणा सेकंदाला एक मीटर जातोय, स्विचनं वीज तोडली, ब्रेक बसला. थांबायला समजा ५० सेंटीमीटर लागले. आता दोराच्या दुसऱ्या टोकाचा प्रतिभार साधारण निम्म्या क्षमतेच्या हिशेबानं बांधलेला असतो. त्यामुळे रिकामा पाळणा वर जाताना पुढे सरकतो, भरलेला खाली येताना. वीस टक्क्यांचा फरक म्हणजे दहा सेंटीमीटर, ठेच लागायला पुरेसे. दुहेरी वेगाच्या मोटरनं यावर साधा तोडगा काढला: चार ध्रुवांवर मिनिटाला १५००, तर सोळा ध्रुवांवर ३७५ फेरे. वेग चौथ्या हिश्श्यावर आला की थांबायचं अंतर सोळाव्यावर, जेमतेम तीन सेंटीमीटर. मग चूकही मिलिमीटरांत. किंमत एवढीच, की मजला समोर दिसत असताना पाळणा रांगत राहतो आणि आतली मंडळी वैतागतात.

अचूक थांबणं ही सगळी इलेक्ट्रॉनिक्सची करामत, असं कुणी म्हणेल. इन्व्हर्टर आणि एन्कोडरनं ते रांगणं संपवलं, हे खरंच; उरलेलं अंतर सतत मोजत वेग उतरवला जातो आणि ब्रेक लागतो तो मोटर थांबल्यावर, नुसतं धरून ठेवायला. पण ओटिस कंपनीची आपोआप पातळी साधणारी लिफ्ट १९१५ च्या सुमारास आली होती, ट्रान्झिस्टरच्या कितीतरी आधी. मग लिफ्टमन काय वाईट होता? मुळीच नाही. तोही उंबरठ्याकडे बघत हँडल फिरवायचा, म्हणजे मोजत मोजतच थांबायचा. यंत्रानं त्याचीच नजर उचलली, फक्त दार उघडल्यावरही ती हटवली नाही. उंच इमारतीत तळमजल्याला दोर सर्वांत लांब सुटलेले असतात. दहा माणसं आत शिरली की ते ताणतात, पाळणा किंचित खाली बसतो, आणि दार उघडं असतानाच मोटर त्याला अलगद वर घेते.